सुरंगी आणि फणसाचं उत्तर

डोंगराच्या कुशीत, हिरव्यागार रानाच्या काठाला गारवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. त्या गावाच्या अगदी टोकाला, जिथे शेवटची पायवाट रानात शिरते, तिथे सुरंगीचं झावळ्यांनी शाकारलेलं खोपटं होतं. खोपट्यात एक चूल, एक मडकं, एक गोधडी आणि गुंडू. गुंडू म्हणजे सुरंगीचा पिटुकला भाऊ. त्याला नुकतेच तांदळाएवढे दात फुटले होते आणि त्या दातांनी तो दिवसभर काहीतरी चावायला मागायचा.

गुंडूच्या जन्माआधीच बाबा देवाघरी गेले होते. आई ओढ्यापलीकडच्या गावात भाताची लावणी करायला जायची आणि दिवस कलला की साकवावरून घरी यायची. साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल. पण या पावसाळ्यात ओढा असा काही फुगला, असा काही गर्जला, की त्यानं तो जुना साकव काडीसारखा उचलला आणि गरगर फिरवत नेला. आई पलीकडेच अडकली.

तेव्हापासून रोज सकाळी सुरंगी गुंडूला काखोटीला मारून ओढ्याच्या काठी यायची. पलीकडे आई उभी असायची. मधून पांढराशुभ्र फेस उडवत ओढा धावायचा, आणि इतक्या मोठ्यानं ओरडायचा की आईचा एक शब्दही अलीकडे पोचायचा नाही. मग आई हातांनीच विचारायची, जेवलात का गं? सुरंगी पोटावरून हात फिरवून दाखवायची, हो तर, टम्म! ते काही खरं नव्हतं. शेजारची भागीकाकी वाटीभर पेज आणून द्यायची, ती सगळी गुंडूच्या पोटात जायची. सुरंगी रानात जायची आणि थोरल्या फणसाखाली गळून पडलेलं एखादं फळ शोधायची. त्यातलेही निम्मे गरे ती वाटेत भेटेल त्या भुकेल्या तोंडाला देऊन टाकायची.

काय ते झाड होतं म्हणून सांगू! आभाळाला खांदा लावून उभं राहिलेलं. हिरवी चकचकीत पानं, जणू नुकतीच तेल लावून पुसलेली. आणि फळं कुठे? फांद्यांच्या टोकाला नाहीत, थेट खोडाला लगडलेली, आईला बिलगलेल्या काटेरी बाळांसारखी. फळ उघडलं की आत सोनेरी, रसाळ, घमघमणारे गरे. झाडाच्या शेंड्याशी शेकरूचं घरटं होतं, ढोलीत धनेश पक्षी राहायचा, आणि दुपारी अख्खी माकडांची शाळा तिथे भरायची. गावातल्या ज्या घरात चूल पेटायची नाही, त्या घरात या फणसाचे गरे जायचे आणि भाजलेल्या आठळ्या, म्हणजे गऱ्यांतल्या बिया, जायच्या.

एके दिवशी सकाळी चावडीवर थोर मंडळी नव्या साकवाचं ठरवायला बसली. खरं तर साकव वाहून गेल्यापासून ती बसलेलीच होती. सुरंगी गुंडूला घेऊन खांबाआड उभी राहून ऐकत होती. तिच्या छातीत नुसता ढोल वाजत होता. आज ठरलं, तर आई घरी!

"साकवाला दणकट लाकूड हवं," दाजी सुतार म्हणाले. "पाण्यात न कुजणारं."

"तुमच्या परसात आंबा आहे की," बापू गावकर म्हणाले. बापू म्हणजे गावातले सगळ्यात थोर. त्यांच्या मिश्या चवरीसारख्या आणि आवाज नगाऱ्यासारखा.

"माझा आंबा? छे छे! तो माझ्या आज्यानं लावलाय. तुमच्या अंगणात साग आहे, तो द्या ना."

"साग? सागाला हात लावायचा नाही! तात्या, तुमचं जांभूळ?"

"जांभूळ अजून लहान आहे हो," तात्या घाईघाईनं म्हणाले. ते जांभूळ चावडीच्या छपराहून उंच होतं.

शेवटी बापूंनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! रानातला थोरला फणस पाडायचा. पिवळं धम्मक लाकूड आहे. एका झाडात अख्खा साकव होईल. आणि मुख्य म्हणजे, ते झाड कुणाचंच नाही!"

"ते सगळ्यांचं आहे!" सुरंगी खांबाआडून ओरडली.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये गो," बापू म्हणाले, आणि सगळे उठले.

गारवाडीची एक जुनी रीत होती. झाड तोडायचं तर सकाळी त्याला विचारायचं आणि दुपारी कुऱ्हाड चालवायची. बापूंनी फणसाच्या मुळाशी मूठभर तांदूळ ठेवले, वर जास्वंदीचं लालचुटूक फूल ठेवलं, खोडाला कुऱ्हाड टेकवली आणि हात जोडून म्हणाले, "फणसराजा, आम्हाला साकवासाठी तुझं लाकूड हवं आहे. देशील का?"

म्हणाले, आणि लगेच पाठ फिरवून चालूसुद्धा लागले. "चला! विचारून झालं. दुपारी करवत घेऊन या रे."

सुरंगी त्यांच्या मागे धावली. "बापूआजोबा, अहो, पण तो काय म्हणाला?"

"कोण काय म्हणाला?"

"फणस! तुम्ही विचारलंत ना त्याला?"

बापू हसले. बाकीचेही हसले. "अगो वेडे, झाड कधी बोलतं का?"

"मग विचारलंत कशाला?"

"रीत आहे म्हणून!"

"पण विचारायचं आणि ऐकायला थांबायचं नाही, ही कसली रीत?"

"फारच चुरुचुरु बोलायला लागलीस तू," दाजी म्हणाले. मग सगळी मंडळी चपला फटफटवत गावाकडे निघून गेली.

सुरंगीचे गाल रागानं लालेलाल झाले. ती फणसाच्या मुळाशी फतकल मारून बसली, गुंडूला मांडीवर घेतलं आणि खोडाला गाल लावून म्हणाली, "मी आहे हं. तू सांग सावकाश."

वारा थांबला. पानांवरचे थेंब टप्पकन पडता पडता तसेच लटकून राहिले. आणि मग, आई गं! खोडावरच्या एका छोट्याशा फळाचे काटे सोन्यासारखे लखलखायला लागले. एका काट्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उजेड टुणटुण उड्या मारत गेला. फळाला बारीकशी चीर पडली, दार उघडावं तशी, आणि घमघमाटाचा एक मोठ्ठा लोट बाहेर आला. त्या लोटावर बसून बाहेर आली एक इवलीशी परी!

तिचा झगा हिरवा, काट्याकाट्यांच्या नक्षीचा. पंख गऱ्यांसारखे सोनेरी आणि पातळ, त्यांतून ऊन आरपार जाईल असे. केसांत दवाचे चिमुकले मणी. आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य, की जणू तिनंच परी पाहिली होती.

"थांबलीस!" ती ओरडली. "अगं, तू खरंच थांबलीस!"

"तू... तू कोण?" सुरंगीनं विचारलं. गुंडूनं हात पुढे करून पंख पकडायचा प्रयत्न केला.

"मी सोनगरी! या फणसात राहते. लोक येतात, विचारतात, आणि मी झगा नीट करून उत्तर सांगायला बाहेर येईस्तोवर त्यांच्या फक्त पाठी दिसतात. सगळ्यांच्या पाठी मला पाठ झाल्या आहेत! तोंड पाहिलं ते तुझंच." ती गर्रकन गिरकी घेऊन सुरंगीच्या गुडघ्यावर उतरली. "थांबणाऱ्याला या फळातले गरे मिळतात. एका गऱ्याला एक मागणं. पण नियम आहेत हं."

"सांग, सांग!"

"मागायचं आपण, पण गरा घालायचा दुसऱ्याच्या तोंडात. मागणाऱ्यानं गरा खाल्ला तर मागणं फुकट. आणि दुसरा नियम, मिळेल ते या झाडाच्या अंगातून मिळेल. एवढंसं मागशील तर झाडाचं एखादं पान जाईल. मोठं मागशील तर फांदी जाईल. खूप मोठं मागशील तर..."

तेवढ्यात गुंडूनं भोकाड पसरलं. फळातून काही गरे एका पानावर घरंगळले होते; सुरंगीनं पटकन त्यातला एक उचलला, त्यातली आठळी काढली आणि मऊ मऊ तुकडे करून त्याला भरवत म्हणाली, "माझ्या गुंडूला हसवेल असं काहीतरी मिळू दे!"

टिचुक! गुंडूच्या मुठीत हळदीसारख्या पिवळ्या लाकडाचा एक गोंडस खुळखुळा आला. तो हलवला की खुळुक खुळुक वाजायचा आणि त्यातून सोनेरी ठिणग्या उडायच्या. गुंडू खदखदून हसला. सुरंगीनं टाळ्या पिटल्या. मग तिनं वर पाहिलं. जिथे आत्ता एक डहाळी होती, तिथे आता नुसतं आभाळ दिसत होतं.

"ही तर लहानशीच गेली," सुरंगी हळूच म्हणाली. आणि एकदम तिच्या अंगावर काटा आला, आनंदाचा! "सोनगरी, मी साकव मागू शकते? आत्ताच्या आत्ता? आई पलीकडे उभी असेल!"

"मागू शकतेस."

"आणि फणसाचं उत्तर काय? बापूआजोबांनी विचारलं त्याचं?"

सोनगरीनं खोडाला कान लावला. खूप खोलवरून, मुळांतून येणारी घुमघुम सुरंगीलाही जाणवली.

"तो हो म्हणतो," सोनगरी म्हणाली. "तो कुणालाच नाही म्हणत नाही. एक गरा गुंडूला भरव, साकव माग, आणि साकव तयार. मग हा फणस नसेल. मीही नसेन."

सुरंगीच्या हातात गरा होता. सोनेरी, थंडगार, मधासारखा. ओढ्याचा आवाज कानात घुमत होता. तिला आईचे हात आठवले, चिखलपाण्यानं पांढरे पडलेले, हवेतल्या हवेत तिचे केस विंचरणारे. फक्त एक वाक्य! एक वाक्य बोललं की आई!

वरून काहीतरी तिच्या डोक्यावर पडलं. शेकरूच्या पिल्लानं अर्धवट खाल्लेली आठळी. पिल्लू फांदीआडून तिच्याकडे टकमक बघत होतं. त्याची आई मागून आली आणि त्याला तोंडात धरून घरट्यात घेऊन गेली.

सुरंगीनं गरा पानावर परत ठेवला. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं, पण आवाज मात्र ठणठणीत होता. "नको. असा साकव नको. याला विचार, काय दिलं तर याला दुखणार नाही?"

सोनगरीचे पंख थरथरले. "असं तर कुणी कधी विचारलंच नाही!" तिनं पुन्हा कान लावला, आणि तिचा चेहरा उजळला. "तो म्हणतो, ओढ्याच्या बाजूची थोरली फांदी वादळात मोडली आहे. ती मला नुसती जड होते, घेऊन जा!"

"पण एका फांदीचा साकव कसा होणार? फार तर अर्ध्या वाटेत..." आणि सुरंगी ताडकन उभी राहिली. तिच्या डोक्यात जणू पाखरांचा थवा भुर्रकन उडाला. "सोनगरी! सगळ्याच झाडांना विचारलं तर? आंब्याला, सागाला, जांभळाला? एकानं सगळं अंग देण्यापेक्षा सगळ्यांनी एकेक फांदी दिली तर?"

"मग चल ना! बसलीस काय?"

एका काखेत गुंडू, एका हातात पानावरचे गरे, आणि केसांत लपलेली परी! सुरंगी अशी सुटली की चिखलाचे शिंतोडे तिच्या वेणीपर्यंत उडाले. चावडीवर मंडळी करवतीला धार लावत होती.

"बापूआजोबा, फणसानं उत्तर दिलं!"

"अगो बाय, पुन्हा तेच!" बापू वैतागले. पण त्यांच्या नाकानं घमघमाट टिपला आणि मिश्या थरारल्या. "बरक्या फणसाचे मऊ गरे दिसतात."

"तुमच्यासाठीच आणलेत. आ करा."

गऱ्यांना नाही म्हणणं बापूंना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मोठ्ठा आ केला. सुरंगीनं गरा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाली, "बापूआजोबांना झाडांचं बोलणं ऐकू येऊ दे!" मग दाजींच्या तोंडात एक. मग तात्यांच्या तोंडात एक. रानात थोरल्या फणसाची तीन पिवळी पानं गिरक्या घेत खाली आली.

बापूंचे डोळे वाटोळे झाले. अंगणातून एक खर्जातला आवाज येत होता. "बापू, अरे बापू! जन्मभर माझ्या सावलीत घोरलास, पण कधी चौकशी केलीस का रे माझी? ती छपरावर वाकलेली फांदी घे की! पाऊस आला की कौलं फुटतात, आणि तू शिव्या मला देतोस."

"अगं बाई, हा तर माझा साग!" बापू ओरडले.

"दाजी," आंबा म्हणाला, "तुझ्या आज्यानं मला लावलं ते लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून. घे ती आडवी फांदी."

"आणि मी लहान नाही!" जांभूळ फणकारलं. तात्यांनी मान खाली घातली.

मग काय विचारता! गारवाडीत एकच धांदल उडाली. माणसं परसापरसांत धावली. प्रत्येक झाडाशी थांबली, विचारलं, आणि बापू, दाजी, तात्यांनी उत्तर ऐकून सांगितलं. "ही घे!" "ती नको, तिच्यावर घरटं आहे!" "हळू काप रे, गुदगुल्या होतात!" गुंडूचा खुळखुळा ताल धरत होता. करवती सरसर चालल्या, लाल, पांढरा, तपकिरी भुसा फुलपाखरांसारखा उडाला, आणि दुपार कलायच्या आत ओढ्याकाठी लाकडांची रास पडली. रानातून थोरल्या फणसाची मोडकी फांदी आली, तिचा भुसा मात्र हळदीसारखा पिवळा.

पलीकडे आई दिसत होती. ती दोन्ही हात हलवत होती, तिच्या मागे पलीकडचं गावही जमलं होतं. ओढ्यात एक मोठा काळा कातळ होता. दाजींनी अलीकडच्या काठापासून कातळापर्यंत लाकडं टाकली, वेलींनी आवळून बांधली, वर फळ्या ठोकल्या. अर्धा साकव तयार! सगळ्यांनी आरोळी ठोकली.

पण कातळापासून पलीकडे? तिथे तर ओढा जास्तच रुंद होता. उरलेल्या फांद्या लावून पाहिल्या. एकही पोचेना.

"लांब लाकूड हवं," दाजींनी कपाळावर हात मारला. "अख्ख्या खोडाएवढं."

बापूंनी रानाकडे पाहिलं. थोरल्या फणसाचा शेंडा उन्हात चमकत होता.

"नाही!" सुरंगी म्हणाली. ती कातळावर धावत गेली आणि हात पसरून उभी राहिली. "तुम्ही ऐकलंत ना आज झाडांचं? मग त्याच्याकडे नका बघू! मी थांबेन. ओढा उतरेपर्यंत थांबेन." समोर, अगदी समोर आई होती. डोळ्यांतलं पाणी दिसावं इतकी जवळ, आणि तरीही तिथवर पाऊल पडेना.

बापूंनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. "पोरगी म्हणते तसंच," ते म्हणाले. "थांबू या."

तेव्हा सुरंगीच्या केसांतून सोनगरी बाहेर आली. आता तिला सगळ्यांनी पाहिलं. भागीकाकीनं तोंडाला पदर लावला.

"पानावर एक गरा उरला आहे," सोनगरी म्हणाली. "आणि सुरंगे, तू सकाळपासून एकही खाल्ला नाहीस."

"मागणाऱ्यानं खायचा नसतो ना."

"बरोबर! म्हणून या वेळी मागणार मी." परी खुदकन हसली. "आणि झाडाच्या अंगातून नाही, माझ्या अंगातून. चल, आ कर!"

"पण मग तू..."

"आ कर म्हटलं ना!"

तो गरा सुरंगीच्या तोंडात गेला. अहाहा! सगळ्या फुलांचा मध आणि सगळ्या सकाळींचं ऊन एकाच घासात. सोनगरी हवेत उंच गेली आणि चिमण्या आवाजात म्हणाली, "हिच्या आईच्या पायाखाली वाट येऊ दे!"

आणि ती उजेड झाली. पंख, झगा, केसांतले दवाचे मणी, सगळं सगळं पिवळ्याजर्द उजेडात विरघळलं. तो उजेड कातळावरून सळसळत पलीकडच्या काठापर्यंत लांबला, फेसावर सोनं उधळत गेला, आणि हळूहळू घट्ट झाला, लाकडासारखा घट्ट. ओढ्यावर एक सोनेरी तुळई पडली होती, गुळगुळीत, रुंद, फणसाच्या घमघमाटाची.

"सोनगरी!" सुरंगीनं हाक मारली. तुळई तिच्या तळव्याखाली कोवळ्या उन्हासारखी ऊबदार लागली. परी मात्र कुठेच नव्हती.

कुणीतरी धावत येत होतं. पायानं वाट न चाचपता, खाली ओढ्याकडे न बघता, पदर खोचून, त्या सोन्याच्या वाटेवरून थेट तिच्याकडे. काठावर भागीकाकीच्या कडेवरचा गुंडू किंचाळून हात पसरत होता. आईनं कातळावर पाऊल टाकलं आणि सुरंगीला असं घट्ट कवटाळलं की दोघींचा श्वास एकच झाला. ओढा अजूनही गर्जत होता. पण आईचं तोंड आता सुरंगीच्या कानापाशी होतं, आणि ओढ्यानं कितीही आदळआपट केली तरी तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"लबाडे," आई म्हणत होती, "टम्म जेवलीस म्हणे! हाडं लागतात की गं हाताला. चल, आधी घरी चल."